तारे पुसट येतात? सेटिंग बदलण्याआधी ताऱ्याचा आकार बघा

रात्री नऊ वाजता काढलेले फोटो टाचणीच्या टोकासारखे, आणि बारा-साडेबारानंतरचे सगळे पुसट. कॅमेरा तोच, लेन्स तीच, ट्रायपॉड जागचा हललेला नाही. सह्याद्रीत रात्रीचं आकाश टिपणाऱ्या कितीतरी जणांकडून मी ही तक्रार ऐकली आहे. त्याआधी स्वतः तीन हिवाळे भोगली आहे. म्हणून आज ती मुळापासून लिहून काढतो.

फोटो बिघडला की आपला हात आधी आयएसओकडे (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) जातो, मग शटरकडे, आणि घरी आल्यावर मन नव्या लेन्सकडे. मीही हेच करत होतो. तारा पुसट येण्याची कारणं पाच-सहा आहेत, आणि प्रत्येक कारण ताऱ्याला वेगळा आकार देतं. तो आकार ओळखता आला की निम्मं काम तिथेच होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पूर्ण मोठा करा आणि एकच तारा नीट बघा, मग दुसरा, मग कोपऱ्यातला एक. सेटिंगला हात त्यानंतर लावायचा.

मला हे कळलं ते भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीच्या बाजूला. मार्गशीर्षातली अमावास्या होती, वारा अजिबात नव्हता, पाणी काचेसारखं. मृग नक्षत्र पाण्यावर चढलं होतं आणि त्याच्या मागून व्याध. २० मिलिमीटरची लेन्स, दर फ्रेम पंधरा सेकंद, रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं होतं. साडेदहाच्या सुमारास पडद्यावर बघितलं तर फोटो आधीपेक्षा सुंदर दिसत होते. व्याधाभोवती निळसर वलय, रोहिणीभोवती नारिंगी. मला वाटलं आज हवाच काही वेगळी आहे. पाऊण तासाने बघितलं तर वलयं फुगलेली, बारके तारे गायब, आणि काळं आकाश राखाडी. मी फोकस पुन्हा लावला. काही फरक नाही. पुन्हा लावला. आयएसओ वाढवला. अर्धा तास असा गेला. ज्यांच्या शेतात तंबू होते ते मामा शेकोटीपासून उठून आले, माझ्या बॅटरीच्या उजेडात कॅमेऱ्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "दादा, काचेवर दहिवर धरलंय की."

लेन्सची समोरची काच आंघोळीनंतरच्या आरशासारखी झाली होती. मी तीन तास कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत होतो, पुढून एकदाही बघितलं नव्हतं.

घरी येऊन आधीच्या दोन हिवाळ्यांचे फोटो उघडले. सगळीकडे तीच गोष्ट. ज्याला मी 'फोकस सरकला' म्हणत होतो ते बहुतेक वेळा दव होतं.

आकारावरून ओळख

दव धरलं असेल तर ताऱ्याचा मधला ठिपका बऱ्यापैकी जागेवर असतो आणि त्याच्याभोवती मऊ प्रकाशाचं वलय पसरतं. तेजस्वी तारे फुगलेले, फिके तारे नाहीसे, आकाशाचा काळेपणा उतरलेला. दूरच्या गावातले दिवेही असेच पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. महत्त्वाची खूण म्हणजे हा बिघाड हळूहळू वाढतो. फ्रेम एकामागून एक पळवत बघितल्या तर स्पष्ट दिसतं.

फोकस चुकला असेल तर मधला ठिपकाच उरत नाही. ताऱ्याची थाळी होते, सगळीकडून सारखी उजळ, काठ बऱ्यापैकी रेखीव. हा बिघाड साधारणपणे पहिल्या फ्रेमपासूनच असतो, किंवा एका विशिष्ट फ्रेमपासून एकदम सुरू होतो. त्या फ्रेमच्या आधी तुम्ही काहीतरी केलेलं असतं: बॅटरी बदलली, झूम हलवला, कॅमेरा बंद करून चालू केला.

ताऱ्याची छोटी रेघ झाली असेल, सगळ्या रेघा एकाच वळणाच्या असतील आणि जमीन मात्र शार्प असेल, तर पृथ्वी फिरते आहे आणि तुमचं शटर जास्त वेळ उघडं आहे. जमीनही पुसट असेल तर कॅमेरा हलला. प्रत्येक ताऱ्यावर हुबेहूब एकच वाकडीतिकडी नागमोड दिसली तर ट्रायपॉडला धक्का किंवा वारा. मध्यभागी तारे गोल आणि कोपऱ्यात पंख पसरलेल्या पाखरासारखे, तर तो लेन्सचा स्वभाव. आणि सगळ्या रेघा फोटोच्या मध्यापासून बाहेर फेकल्यासारख्या दिसल्या तर झूम लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने घसरली आहे. लेन्स वर आकाशाकडे रोखली की जुन्या झूम लेन्स असं करतात, एक रबर बँड पुरतो.

आता दव आणि फोकस या दोघांवर सविस्तर, कारण निम्म्याहून जास्त रात्री हेच दोघं खातात.

दव

आधी ते का धरतं हे समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतात. उघड्यावरची प्रत्येक वस्तू रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकत असते. ढग असले तर ते बरीचशी परत खाली पाठवतात. निरभ्र आकाश फारसं काही परत देत नाही. म्हणून आकाशाकडे तोंड करून असलेली काच भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. ती एका ठराविक तापमानाच्या खाली गेली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. हवा १२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साडेनऊच्या आसपास येतो. म्हणजे काच हवेपेक्षा अडीच अंश थंड झाली की खेळ संपला. तीच १२ अंशांची हवा पण आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू २ अंशांपर्यंत खाली जातो आणि रात्रभर काही होत नाही. निघण्याआधी मोबाइलवर तापमानासोबत दवबिंदू बघायची सवय लावा. दोन आकड्यांमधलं अंतर चार-पाच अंशांच्या आत येणार असेल तर तयारीनिशी जा.

यातून एक उलटी गोष्ट निघते, आणि ती मला फार उशिरा उमगली. ज्या रात्रीची आपण वाट बघतो, निरभ्र, निवांत, वारा पडलेला, तीच दवाची रात्र असते. वारा थोडा असला तर हवा ढवळली जाते आणि काच हवेपेक्षा फार थंड होत नाही. पाण्याचा काठ, भातखाचरं, दरीचा तळ इथे थंड जड हवा साचते आणि आर्द्रताही जास्त. जलाशयाकाठचं प्रतिबिंब हवं असेल तर ही किंमत मोजावीच लागते. पण प्रतिबिंब नको असेल तर पन्नास-शंभर फूट वर, एखाद्या टेपाडावर जा, फरक जाणवतो. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून तिकडे जाणारे वाढले आहेत. पण अंधार कितीही दाट असला तरी तो दव थांबवत नाही, आणि जंगलातली हिवाळी पहाट ओली असते. लडाखमधल्या हानलेची गोष्ट निराळी. तिथली वेधशाळा साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि हवा इतकी कोरडी की तिथे काळजी दवाची नसून बॅटरीची करायची.

आता उपाय. सगळ्यात खात्रीचा म्हणजे लेन्सला गुंडाळायची तापपट्टी. यूएसबीवर चालते, पॉवर बँकेला जोडायची. पाच ते सात वॉटची पट्टी दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर चार-पाच तास सहज जाते. रात्रभर काढायचं असेल तर वीस हजारांची न्या. थंडीत पॉवर बँकही लवकर दमते, तिला मातीवर उघडी ठेवू नका, टोपीत गुंडाळून पिशवीत ठेवा.

पट्टी कुठे बांधायची यात बरेच जण चुकतात. ती लेन्सच्या पुढच्या टोकाशी, काचेच्या जितकी जवळ जाईल तितकी बांधा, पण फोकसच्या कड्यावर नको. कड्यावर बांधली की ती आवळताना फोकस फिरतो आणि एक बिघाड घालवायच्या नादात दुसरा येतो. माझ्या हातून हे झालं आहे. म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी पट्टी, मग पंधरा मिनिटं थांबायचं, मग फोकस. पट्टीने लेन्स थोडी गरम होते आणि गरम झाल्यावर फोकस किंचित सरकतो, त्यामुळे गरम होऊन स्थिर झाल्यावरच लावलेला बरा. पट्टीला कमी-जास्त करायची सोय असेल तर कमीवर ठेवा. काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर राहिली की पुरे, भाकरीचा तवा करायचा नाही. आणि पट्टी दव धरायच्या आधी चालू करायची. एकदा धरल्यावर ते उडायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तोवर तुमचा क्षण निघून जातो.

पट्टी नसेल तर ट्रेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या हात गरम ठेवायच्या पुड्या चालतात. दोन पुड्या लेन्सच्या दोन बाजूंना, वरून लोकरी मोज्याचा पंजा कापून केलेली नळी. पुडीला हवा लागते, तिच्यात लोखंडाचा भुगा हवेतल्या प्राणवायूशी मिळून उष्णता देत असतो, त्यामुळे प्लास्टिकने गच्च बांधू नका, विझून जाईल. ही सोय चार-पाच तास निभावते.

काहीच नसेल तर हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारी कडा, लावा. हूड काचेला आकाशाचा थोडा भाग झाकतो, तेवढाच थंडावा कमी. दोन फोटोंच्या मध्ये लेन्सचं तोंड खाली जमिनीकडे करून ठेवा. झाडाखालच्या गवतावर दव कमी असतं आणि मोकळ्या गवतावर जास्त, हे आपण लहानपणापासून बघतो. कारण तेच. आणि पुढे साधा फिल्टर लावला असेल तर आणीबाणीत तो उपयोगी पडतो: फिल्टरवर दव धरलं की तो काढायचा, आतली काच अजून कोरडी असते, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्या रात्री रतनवाडीला माझे शेवटचे चांगले फोटो याच पंधरा मिनिटांतले आहेत.

पुसू नका. निदान शर्टाच्या टोकाने, मफलरने तर नाहीच. पुसल्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो, काच थंडच राहते आणि दोन मिनिटांत पुन्हा धरतं, वर धुळीचे ओरखडे. तोंडाने फुंकर तर अजिबात नको, श्वासात वाफच असते.

आणि दर वीस मिनिटांनी समोर जाऊन काच बघा. हेडटॉर्चचा लाल दिवा लावायचा, उजेड काचेवर तिरका पाडायचा. स्वच्छ काच खोल काळी दिसते, दव धरायला लागलं की तिच्यावर दुधी साय आल्यासारखी दिसते. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात हे उरकतं. सोबत कोणी फोटो काढत असेल तर त्याला आधी सांगा, उजेड त्याच्या फ्रेममध्ये जातो.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. काच कोरडी आहे, फोकस बरोबर आहे, तरी ताऱ्यांभोवती वलयं येतात, असं होऊ शकतं. तेव्हा धूसरपणा आकाशातच असतो. हिवाळ्यात वरचे विरळ ढग. मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडे वणव्यांचा आणि भाताच्या रोपासाठी राब भाजतात त्याचा धूर दऱ्यांत साचून राहतो. मेच्या मध्यानंतर समुद्राकडून येणारी दमट हवा. यावर उपाय नाही. उंचावर जा किंवा दुसरी रात्र बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी उलट्या दिशेच्या डोंगररांगा मोजायची माझी सवय आहे: चौथी रांग स्पष्ट दिसली तर रात्र चांगली, दोनच दिसल्या तर मी आकाशाऐवजी झोपेची तयारी करतो.

फोकस

लेन्सवर आडव्या आठासारखी अनंताची खूण असते. तिच्यावर कडं आणून ठेवलं की झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात, मुद्दाम तशी जागा ठेवलेली असते, कारण तापमानाने ही जागा सरकते. खुणेवर विश्वास ठेवून काढलेल्या रात्रभराच्या फ्रेम मी टाकून दिल्या आहेत.

पद्धत अशी. लेन्स मॅन्युअलवर. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं. आयएसओ तात्पुरता ६४०० किंवा वर. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दिसणारं दृश्य) चालू करून एक तारा चौकटीच्या मधोमध घ्या आणि दहा पट मोठा करा. हिवाळ्यात व्याध, मार्च-एप्रिलनंतर चित्रा किंवा स्वाती पटकन सापडतात. तेजस्वी तारा शोधायला सोपा असतो, पण पडद्यावर फुगलेला दिसतो आणि बारीक फरक लपवतो. म्हणून त्याच्यावर ढोबळ फोकस लावा आणि मग शेजारच्या मध्यम ताऱ्यावर या. कडं हळू फिरवा. तारा लहान लहान होत जाईल, मग पुन्हा मोठा व्हायला लागेल. ती सगळ्यात लहान जागा ओलांडून जायची आणि परत यायचं, दोन-तीनदा, म्हणजे बोटांना ती जागा कळते. फोकस जसा अचूक होतो तसे आजूबाजूचे बारके तारे, जे आधी दिसतच नव्हते, ते पडद्यावर उमटायला लागतात. मला ही खूण ताऱ्याच्या आकारापेक्षाही भरवशाची वाटते. काही लेन्सवर रंगही मदत करतो: फोकसच्या एका बाजूला ताऱ्याला जांभळी कड, दुसऱ्या बाजूला हिरवी, आणि दोन्ही मावळतात तिथे बरोबर जागा.

मग पाच सेकंदांचा एक फोटो काढून पूर्ण मोठा करून बघा. पडद्यावरच्या लाइव्ह व्ह्यूवर समाधान मानू नका. समाधान झालं की कड्याला कागदी चिकटपट्टी लावा. साधी रंगकामाची पट्टी चालते, डिंक उरत नाही.

नजर साथ देत नसेल, चष्मा सांभाळताना त्रास होत असेल, तर बाख्तिनोव्ह जाळी घ्या. पावेल बाख्तिनोव्ह नावाच्या रशियन हौशी खगोलनिरीक्षकाने २००५मध्ये ती तयार केली. लेन्ससमोर लावली की तेजस्वी ताऱ्यातून तीन रेघा निघतात. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस अचूक. जाळी काढायला विसरू नका.

आता पहिल्या फ्रेमला बरोबर असलेला फोकस मध्येच जातो त्याचं. मिररलेस कॅमेऱ्यांच्या बऱ्याच नव्या लेन्समध्ये फोकसचं कडं आतल्या काचांना थेट जोडलेलं नसतं, ते फक्त मोटरला इशारा देतं. अशी लेन्स कॅमेरा बंद झाला की फोकसची जागा विसरते. बॅटरी बदलली, किंवा कॅमेरा आपणहून झोपी गेला आणि जागा झाला, की फोकस भलतीकडे. चिकटपट्टीचा इथे काहीच उपयोग नाही, कडं जागेवर असतं आणि आतली काच हललेली असते. दोन गोष्टी करा. मेनूमध्ये आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाका. आणि काही कॅमेऱ्यांत बंद करतानाची फोकसची जागा लक्षात ठेवण्याची सोय असते, ती शोधून चालू करा. नसेल तर प्रत्येक बॅटरीनंतर फोकस नव्याने, कंटाळा न करता.

झूम लेन्सवर फोकस लावल्यावर झूम बदलला तर फोकसही बदलतो. आधी चौकट ठरवा, मग फोकस.

राहिलं तापमान. संध्याकाळी २२ अंशांना लावलेला फोकस पहाटे १० अंशांना तसाच राहील याची खात्री नाही. लेन्सची नळी आकसते, थोडीच, पण उघड्या छिद्राला थोडंही पुरतं. कॅमेरा गाडीतून किंवा सॅकमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, मग फोकस लावा, आणि पुढे दर तासाला एकदा तपासा. पट्टी चालू असेल तर हा त्रास कमी होतो, कारण लेन्सचं तापमान बऱ्यापैकी एका जागी राहतं.

जवळची जमीन मऊ येते ही तक्रार वेगळी आहे. २० मिलिमीटरच्या लेन्सवर, छिद्राचा आकडा एफ १.८ असताना, तारे फोकसमध्ये असताना साधारण साडेसात मीटरच्या आतलं सगळं मऊच येणार. समोरचा दगड किंवा झुडूप हवं असेल तर त्याचा वेगळा फोटो काढा: फोकस दगडावर, आयएसओ ८००, दोन ते चार मिनिटं, आणि घरी दोन्ही जोडा. आधी आकाश उरका, मग जमीन. नाहीतर दगडावरून आकाशाकडे येताना फोकस पुन्हा शोधावा लागतो.

रेघा

पाचशेचा नियम सगळ्यांना माहीत असतो: ५०० भागिले लेन्सची फोकल लांबी (तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा), तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं. नियम सोपा आहे, पण आजच्या कॅमेऱ्यांना तो सैल पडतो. आकाश तासाला १५ अंश फिरतं. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरची लेन्स लावून नियमाप्रमाणे २५ सेकंद शटर उघडं ठेवलं तर आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा आठ पिक्सेल सरकतो. मोबाइलवर चालेल, भिंतीवर लावायच्या छपाईत रेघ दिसेल.

त्यापेक्षा फ्रान्समधल्या ल हाव्र शहराच्या खगोल संस्थेतल्या फ्रेदेरिक मिशो यांचं एनपीएफ सूत्र वापरा. सोप्या रूपात ते असं: एफचा आकडा गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, आणि बेरजेला फोकल लांबीने भागायचं. वरच्याच उदाहरणात पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा, एफ १.८, उत्तर येतं जेमतेम १० सेकंद. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम, १४ मिलिमीटर, एफ २.८ असेल तर २० सेकंद. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८ मिलिमीटर, एफ ३.५ लेन्स, तर १३ सेकंद. बऱ्याच जणांकडे हाच शेवटचा संच असतो आणि ते तीस सेकंद ठेवतात. ध्रुवताऱ्याच्या दिशेने जास्त वेळ खपतो, कारण तिथले तारे छोटं वर्तुळ फिरतात. आपल्याकडून ध्रुव अठरा-वीस अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडे रोखल्यावर ही सवलत मिळत नाही. आकाशगंगेचा मध्य, मूळ नक्षत्राच्या बाजूचा, बऱ्यापैकी वेगात सरकतो.

दहा सेकंदांत प्रकाश कमी पडतो हे खरं. मग आयएसओ दुप्पट करा आणि लागोपाठ १६ फ्रेम काढून घरी एकावर एक चढवा. १६ फ्रेमनी दाणेदारपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. विंडोजवर सिक्वेटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर जमीन स्थिर ठेवून तारे जुळवतं. लांब एक्स्पोजरचा नॉइज रिडक्शन मात्र कॅमेऱ्यात बंद करा, तो प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ खातो आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये खिंडार पाडतो.

हलणं आणि कोपरे

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून वर येणारा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला ट्रायपॉडबद्दल वेगळं सांगायला नको. पाय पूर्ण लांब करू नका, मधला दांडा वर काढू नका, कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून ठेवा, तो फडफडतो. ट्रायपॉडला सॅक लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. अधांतरी सॅक वाऱ्यात झुलते आणि स्वतःच धक्के देते. ट्रायपॉड कातळावर उभा करा, वाळलेल्या गवतावर नको. जलाशयाच्या काठी ओल्या मातीत पाय हळूहळू खचतात, त्यांच्याखाली चपटे दगड ठेवा. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद, शटरला दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट.

कोपऱ्यातली पाखरं घालवायला छिद्र एक-दीड पायरी बंद करा, १.८चं २.८. पूर्ण जात नाहीत, पण बरीच कमी होतात. त्यासाठी लेन्स बदलायला धावू नका. कोपऱ्यात झाड किंवा कडा येईल अशी चौकट धरली तर ती दिसतही नाहीत.

बिघडलेल्या फ्रेमचं काय

दवाच्या पहिल्या पायरीतल्या, किंचित वलय आलेल्या फ्रेम ठेवा. नक्षत्रांचे आकार त्यात उठून दिसतात. काही जण त्यासाठी मुद्दाम मऊ करणारा फिल्टर लावतात. मी त्यातली एखादी स्वच्छ फ्रेमवर हलकी चढवतो, मृगाचे चार कोपरे आणि मधले तीन तारे लगेच ओळखू येतात. पुढच्या पायऱ्यांतल्या फ्रेम वाचत नाहीत. सॉफ्टवेअरमधलं धुकं काढायचं बटण वलयाला कडक काठ देतं आणि दाणे वर आणतं, बाकी काही नाही. दवाच्या फ्रेम बाकीच्यांवर चढवू नका, चांगल्यांनाही ओढतात. फोकस किंचित चुकलेल्या फ्रेम छोट्या आकारात खपतात. रेघांच्या फ्रेम लागोपाठच्या असतील तर जोडून गोल स्टार ट्रेल (ताऱ्यांच्या फिरण्याच्या लांब रेघांचा फोटो) करा, त्याला शार्पपणाची तितकी गरज नसते.

परत निघताना

पहाटे तंबूत शिरताना थंडगार कॅमेरा हातात घेऊन आत जाऊ नका. चार माणसांच्या श्वासाने तंबूची हवा उबदार आणि ओली असते, आणि थंड वस्तूवर ती लगेच पाणी सोडते. फक्त समोरच्या काचेवर नव्हे, आतल्या जोडांत, बॅटरीच्या खणातही. बाहेरच असताना लेन्सला झाकण लावा, बॅटरी आणि कार्ड काढून खिशात घ्या, कॅमेरा कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड घट्ट बांधा, मग ती पिशवी सॅकमध्ये. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं, आत नाही. कॅमेरा भोवतालच्या हवेइतका उबदार होईपर्यंत, तास-दीड तास, पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची कितीही घाई असली तरी कार्ड तुमच्या खिशात आहेच.

घरी पोचल्यावर सॅक, हूड, पट्टी, मोज्याची नळी सगळं उन्हात पसरा, लेन्स मात्र सावलीत, झाकण काढून. ओली लेन्स बंद पेटीत ठेवली की आत बुरशी धरते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत ती फार दिवस वाट बघत नाही.